कुलूप शाबूत, तिजोरी रिकामी
ई-मेल आणि संकेतस्थळांच्या सुरक्षित वापराविषयी

पूर्वी चोरी झाली की ती दिसत असे. उचकटलेली कडी, भिंतीला पडलेले भगदाड, अंगणात उमटलेली पावले, घरभर विखुरलेले कपडे अशा खुणा मागे राहत. शेजारीपाजारी जमत, पंचनामा होई आणि गावभर चर्चा होऊन पुढचे काही दिवस तरी सारी आळी जागी राही. आजच्या चोरीला यांपैकी एकही खूण नसते. दाराचे कुलूप शाबूत असते, कपाटाची किल्ली जागच्या जागी असते, खातेपुस्तक खणात सुरक्षित असते आणि तरीही खात्यातील शिल्लक मात्र शून्यावर आलेली असते. कित्येकदा तर चोराला आत घेणारे दार घरधन्यानेच स्वहस्ते उघडलेले असते.

ही अतिशयोक्ती नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०१८ मध्ये देशात सायबर गुन्ह्यांच्या २७,२४८ नोंदी झाल्या. २०२२ मध्ये हा आकडा ६५,८९३ वर पोहोचला आणि २०२३ मध्ये तो ८६,४२० झाला. म्हणजे पाच वर्षांत तिपटीहून अधिक वाढ झाली. २०२३ मधील या गुन्ह्यांपैकी दोन तृतीयांशाहून अधिक गुन्ह्यांमागे आर्थिक फसवणूक हाच हेतू होता. हे केवळ पोलिसांत रीतसर दाखल झालेले गुन्हे. लाजेपोटी वा कंटाळून ज्यांनी पोलीस ठाण्याची पायरी चढलीच नाही, त्यांची मोजदाद यात नाही.

बँकेचा व्यवसाय विश्वासावर चालतो. मराठी माणूस गमतीने 'विश्वास पानिपतात गेला' असे म्हणतो खरा. परंतु विश्वासाखेरीज ठेव ठेवली जात नाही आणि कर्जही दिले जात नाही. सायबर गुन्हेगार नेमका याच विश्वासावर डल्ला मारतो. म्हणून या विषयाची ओळख ग्राहकाला जितकी हवी, तितकीच ती काउंटरमागे बसलेल्या कर्मचाऱ्यालाही हवी.

उपद्रवापासून उद्योगापर्यंत

संगणकावरील उपद्रवाचा इतिहास तसा फार जुना नाही. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश पाठवला आणि वापरकर्त्याचे नाव व संगणकाचे नाव यांच्यामध्ये '@' हे चिन्ह योजले. ई-मेलचा पत्ता जन्माला आला तो तेव्हा. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, म्हणजे १९७८ मध्ये, एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने शेकडो जणांना न मागता जाहिरातीचे पत्र धाडले. आज ज्याला 'स्पॅम' म्हणतात त्या नकोशा पत्रांचा तो आद्य नमुना होय.

नोव्हेंबर १९८८ मध्ये अमेरिकेतील एका विद्यार्थ्याने लिहिलेला 'मॉरिस वर्म' नावाचा प्रोग्राम महाजालावर पसरला आणि तेव्हा जोडलेल्या संगणकांपैकी अंदाजे एक दशांश संगणक त्याने ठप्प केले. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून निघालेल्या 'आय लव्ह यू' या विषाणूने तर जगभर हाहाकार उडवला. प्रेमपत्र समजून लोक जोडपत्र उघडत. ते उघडताच विषाणू त्या व्यक्तीच्या संपर्कवहीतील प्रत्येकाला तेच पत्र आपोआप धाडी. पत्र ओळखीच्या माणसाकडून आलेले असल्यामुळे पुढचाही ते निःशंकपणे उघडी. ज्याने हा विषाणू लिहिला तो तरुण सापडला. परंतु त्या देशात असे कृत्य गुन्हा ठरवणारा कायदाच तेव्हा नसल्यामुळे त्याच्यावर खटला चालू शकला नाही.

भारताने त्याच वर्षी पाऊल उचलले. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला. २००८ मध्ये त्यात महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. दुसऱ्याचा पासवर्ड वा इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी अप्रामाणिकपणे वापरणे हा कलम ६६-क (इंग्रजी 'सी') अन्वये, तर संगणकाच्या साधनाने तोतयेगिरी करून फसवणे हा कलम ६६-ड (इंग्रजी 'डी') अन्वये गुन्हा ठरला. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

या प्रवासात गुन्हेगाराचे रूप मात्र पार पालटले. आरंभीचे विषाणू लिहिणारे बहुधा कुतूहलापोटी वा फुशारकीसाठी लिहीत. आज या कामाची रीतसर विभागणी झालेली आहे. कोणी ई-मेल पत्त्यांच्या याद्या विकतो, कोणी बनावट संकेतस्थळे तयार करून देतो, कोणी फोनवर गोड बोलतो, तर कोणी चोरीचे पैसे फिरवण्यासाठी भाड्याने बँकखाती पुरवतो. चोरी हा आता कचेरी थाटून चालवलेला धंदा झाला आहे.

पाकिटावरचे नाव

ई-मेलच्या फसवणुकीचे मूळ त्याच्या रचनेतच आहे. टपालाने येणाऱ्या पाकिटावर डाव्या कोपऱ्यात प्रेषकाचे नाव असते. ते खरे आहे की नाही हे टपाल खाते तपासत नाही. पत्र पोहोचवणे एवढेच त्याचे काम. ई-मेल वाहून नेण्याचे नियम १९८२ मध्ये ठरले तेव्हा महाजाल हे मुख्यतः विद्यापीठे आणि संशोधकांचे छोटे गाव होते. त्यामुळे त्या नियमांतही प्रेषकाची ओळख पटवण्याची सोय ठेवलेली नव्हती. पुढे बनावट प्रेषक ओळखण्यासाठी काही तांत्रिक चाळण्या बसवल्या गेल्या आणि त्यांचा उपयोगही होतो. परंतु पत्राच्या माथ्यावर झळकणारे नाव हे आजही पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेले असते. 'आपली बँक, ग्राहक सेवा' असे नाव कोणीही लिहू शकतो. खरा पत्ता त्या नावाच्या आड दडलेला असतो आणि भ्रमणध्वनीच्या छोट्या पडद्यावर तर तो बहुधा दिसतही नाही.

अशा तोतया पत्राला 'फिशिंग' म्हणतात. गळ टाकून मासा पकडावा तशी ही रीत. गळाला लावलेले आमिष काळानुरूप बदलते. कधी प्राप्तिकराचा परतावा, कधी अडकलेले पार्सल, कधी केवायसीची संपलेली मुदत, कधी वीज तोडण्याची धमकी. मात्र पत्राची घडण ठरलेली असते. आधी भीती किंवा लोभ जागा करायचा, मग 'चोवीस तासांत', 'आज रात्रीपर्यंत' अशी घाई लावायची आणि शेवटी दाबण्यासाठी एक दुवा द्यायचा. पूर्वी अशा पत्रांतील भाषेच्या ढोबळ चुकांवरून ती ओळखू येत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे आता शुद्ध मराठीतही बिनचूक पत्र क्षणात लिहिता येते. तेव्हा चुकांवर विसंबण्याचे दिवस सरले. पाहायचे ते हेच, की पत्र काय करायला सांगते आणि कोणत्या घाईने सांगते.

एक साधे पत्र काय करू शकते याचे उदाहरण शेजारच्या देशात घडले. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्क येथील फेडरल रिझर्व्ह बँकेतील खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर वळवण्याचे आदेश 'स्विफ्ट' या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीवरून गेले. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१८ मध्ये दाखल केलेल्या आरोपपत्रानुसार याची सुरुवात वर्षभर आधी झाली होती. नोकरी शोधणाऱ्या उमेदवाराच्या नावाने बँकेतील कर्मचाऱ्यांना नम्र ई-मेल आले आणि त्यात बायोडेटा पाहण्यासाठी एक दुवा होता. तो उघडला गेला आणि चोर आत शिरले. वर्षभर ते आत राहून कामकाज न्याहाळत होते. आदेश पाठवण्यासाठी त्यांनी बांगलादेशातील साप्ताहिक सुट्टीचा मुहूर्त साधला. बहुतेक आदेश पुढे अडले. श्रीलंकेला गेलेल्या दोन कोटी डॉलरच्या आदेशात 'फाउंडेशन' या शब्दाचे स्पेलिंग चुकलेले होते. त्यावरून मधल्या बँकेत शंका उपस्थित झाली आणि ती रक्कम वाचली. फिलिपिन्सला गेलेले ८ कोटी १० लाख डॉलर मात्र निसटले आणि त्यांतील बराचसा भाग जुगारगृहांच्या वाटेने नाहीसा झाला.

या प्रकरणातील बोध दुहेरी आहे. एका दुव्यावरच्या टिचकीने मध्यवर्ती बँकेचे दार उघडले. आणि कोणा दक्ष कर्मचाऱ्याने एका चुकीच्या अक्षरापाशी थांबून विचारणा केली म्हणून दोन कोटी डॉलर परत मिळाले. घाईने गमावले आणि थांबण्याने राखले, असा हा हिशेब आहे.

पत्त्यातील एक अक्षर

संकेतस्थळाच्या पत्त्याचेही तसेच आहे. बनावट संकेतस्थळावर बँकेचे बोधचिन्ह, रंग, छायाचित्रे सारे हुबेहूब असते, कारण ते मूळ स्थळावरून उचललेले असते. फरक असतो तो पत्त्यात. इंग्रजी 'एल' या अक्षराच्या जागी एक हा आकडा असतो, 'ओ'च्या जागी शून्य असते, 'एम'ऐवजी 'आर' आणि 'एन' शेजारीशेजारी बसवलेले असतात. घाईत वाचणाऱ्याच्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही.

दुसरी युक्ती अधिक लबाडीची आहे. पत्त्याच्या आरंभी बँकेचे खरे नाव लिहून त्यापुढे टिंब देऊन भलतेच नाव जोडलेले असते. वाचक डावीकडचे पहिले नाव वाचून निर्धास्त होतो. वस्तुतः पत्त्याची मालकी पहिल्या नावाने ठरत नाही. दुहेरी तिरप्या रेघांनंतर पत्ता सुरू होतो आणि पुढची पहिली एकेरी तिरपी रेघ आली की तो संपतो. त्या रेघेच्या लगत आधी जे नाव असते, ते खरे आडनाव. व्यक्तीचे घराणे जसे आडनावावरून कळते, तसे संकेतस्थळाचे घराणे या शेवटच्या भागावरून कळते.

हाच धागा पकडून रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय बँकांसाठी 'बँक डॉट इन' हे स्वतंत्र आडनाव जाहीर केले. बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत या पत्त्यावर न्यावीत असा आदेश दिला गेला. हे नाव देण्याचा अधिकार केवळ हैदराबाद येथील आयडीआरबीटी या संस्थेकडे ठेवण्यात आला. त्यामुळे कोणीही उठून पैसे भरावेत आणि हे आडनाव लावावे, अशी सोय उरली नाही. ग्राहकाने आपल्या बँकेचा पत्ता एकदा नीट पाहून स्वतः टंकित करावा, तो ब्राउझरमध्ये खूण करून ठेवावा आणि पुढे नेहमी त्याच खुणेवरून जावे. ई-मेलमधील वा एसएमएसमधील दुव्यावरून बँकेच्या स्थळावर जाऊच नये.

पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हाविषयीही एक गैरसमज रूढ आहे. ते चिन्ह म्हणजे स्थळ प्रामाणिक असल्याचे प्रशस्तिपत्र, असे कित्येकांना वाटते. वास्तविक त्याचा अर्थ इतकाच की, आपला संगणक आणि ते स्थळ यांमधली देवाणघेवाण वाटेत कोणाला वाचता येणार नाही. पलीकडे सावकार बसला आहे की चोर, हे ते कुलूप सांगत नाही. बनावट स्थळांनाही आज असे कुलूप सहज मिळते.

शोधयंत्रावर 'अमुक बँकेचा ग्राहक सेवा क्रमांक' असे विचारणे हाही एक मोठा सापळा ठरला आहे. गुन्हेगार स्वतःचे क्रमांक बँकेच्या नावाने ठिकठिकाणी पेरून ठेवतात. येथे ग्राहक आपणहून फोन करत असल्याने त्याला संशयच येत नाही. बँकेचा क्रमांक खातेपुस्तकावर, कार्डाच्या मागील बाजूस वा बँकेच्या अधिकृत स्थळावर छापलेला असतो, तोच वापरावा.

व्यापारी पत्रव्यवहारातील दगा

लघुउद्योजक, निर्यातदार आणि घाऊक व्यापारी यांना एका निराळ्या फसवणुकीची ओळख करून घेणे आवश्यक आहे. तिचा क्रम बहुधा असा असतो. परदेशी पुरवठादाराशी वर्षानुवर्षे ई-मेलवरून व्यवहार चाललेला असतो. दोघांपैकी एकाचे ई-मेल खाते कोणीतरी फोडतो. पण लगेच काही करत नाही. तो पत्रे वाचत राहतो. मालाचा दर, देयकाची तारीख, एकमेकांना संबोधण्याची रीत, इतकेच नव्हे तर घरच्या मंगलकार्याची चौकशीसुद्धा तो टिपून ठेवतो. मग देयकाच्या ऐन दिवशी पुरवठादाराच्या नावाने पत्र येते, की लेखापरीक्षणामुळे आमचे नेहमीचे खाते तूर्त बंद आहे, कृपया या नव्या खात्यात रक्कम पाठवावी. देयकाचा नमुना तोच, सही तीच, मजकुराची धाटणीही तीच. फरक फक्त खाते क्रमांकाचा. पैसे जातात, आणि पुढे खऱ्या पुरवठादाराचे स्मरणपत्र आले म्हणजे घोटाळा उमगतो. तोवर रक्कम दोन-तीन देश फिरून गेलेली असते.

अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेकडे २०२३ या एकाच वर्षात या प्रकारच्या फसवणुकीतून सुमारे २९० कोटी डॉलर गेल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. एवढ्या मोठ्या रोगावरचा उपाय मात्र एका फोनइतका स्वस्त आहे. खाते क्रमांक बदलल्याचे पत्र आले की त्या पत्रातील क्रमांकावर नव्हे, तर आपल्या जुन्या वहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून ओळखीच्या माणसाकडून खात्री करून घ्यावी. कार्यालयात मोठ्या रकमेच्या प्रत्येक व्यवहाराला दोन माणसांची संमती असावी. साहेबांच्या नावाने 'मी बैठकीत आहे, ताबडतोब पैसे पाठवा' असा संदेश आला, तर लेखापालाने साहेबांना विचारण्याचा संकोच बाळगू नये. आणि साहेबांनीही विचारणाऱ्यावर रागावू नये. जेथे विचारण्याची भीती असते, तेथे चोराचे काम निम्मे झालेले असते.

घराची मुख्य किल्ली

बँकेच्या पासवर्डाबाबत लोक थोडेफार सावध असतात. ई-मेलच्या पासवर्डाबाबत मात्र कमालीचे बेफिकीर असतात. ही बेफिकिरी महागात पडते. बहुतेक सेवांचा विसरलेला पासवर्ड नव्याने ठरवण्याचा दुवा ई-मेलवरच येतो. त्यामुळे ज्याच्या हाती ई-मेल खाते, त्याच्या हाती इतर कित्येक कुलपांच्या किल्ल्या. त्याच खात्यात आधारपत्राची प्रत, पॅनकार्डाचे छायाचित्र, विम्याची कागदपत्रे आणि खात्याचे मासिक उतारेही पडून असतात. ई-मेल खाते म्हणजे घराचा जामदारखानाच होय.

पासवर्ड कसा असावा याविषयीचे जुने मतही बदलले आहे. चिन्हे, आकडे, लहानमोठी अक्षरे यांची खिचडी करावी आणि तो दर काही महिन्यांनी बदलावा, हा सल्ला २००३ च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने दिला आणि तो जगभर रुजला. अनुभव असा आला की माणसे त्याला कंटाळतात, नावापुढे एक-दोन असे आकडे जोडत राहतात किंवा कागदावर लिहून संगणकालाच चिकटवतात. म्हणून २०१७ मध्ये त्याच संस्थेने आपला कल बदलला आणि गुंतागुंतीपेक्षा लांबीला महत्त्व दिले. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड लक्षात राहतो आणि फोडायला कठीण जातो. अर्थात बँकेने आपले नियम घालून दिले असतील, तर ते पाळावेतच.

त्याहून महत्त्वाचा नियम असा, की एक पासवर्ड दोन ठिकाणी वापरू नये. एखाद्या खरेदीच्या स्थळावरून पासवर्ड चोरीला गेले की चोर तेच पासवर्ड ई-मेलवर आणि बँकेच्या स्थळावर लावून पाहतात. एकच किल्ली घराला, दुकानाला आणि तिजोरीला चालावी, अशी व्यवस्था कोणताही शहाणा माणूस करत नाही. पासवर्डाच्या जोडीला दुसरा पडताळा सुरू ठेवणेही तितकेच आवश्यक. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना अतिरिक्त पडताळणी अनिवार्य झाली. ई-मेल खात्यालाही अशी सोय असते. ती वापरकर्त्याने स्वतः सुरू करायची असते.

मात्र हा दुसरा पडताळा, म्हणजे ओटीपी, जो मागेल त्याला सांगितला तर त्याचा काय उपयोग? बँकेचा कोणताही कर्मचारी, कोणत्याही कारणासाठी, ओटीपी, पिन वा पासवर्ड विचारत नाही. त्याचप्रमाणे यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन घालावा लागत नाही. 'पैसे मिळवण्यासाठी पिन टाका' असे जो सांगतो, तो पैसे देण्यासाठी नव्हे, नेण्यासाठी आलेला असतो.

अनाहूत पाहुणे

अलीकडे लग्नपत्रिका, वाहतूक दंडाची पावती किंवा सरकारी योजनेची यादी अशा नावांनी व्हॉट्सॲपवर फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरे असतात. पत्रिका चित्राच्या वा पीडीएफच्या रूपात येते; एपीके म्हणजे भ्रमणध्वनीत बसणारा प्रोग्राम. तो एकदा बसला की येणारे एसएमएस परस्पर वाचतो आणि ओटीपी चोराकडे धाडतो. दुसऱ्याच्या पडद्यावर दुरून ताबा मिळवून देणारी ॲप्सही अशीच घातक ठरतात. ती मूळची दुरुस्तीच्या सोयीसाठी बनवलेली. परंतु तोतया 'मदतनीस' ती बसवायला लावतो आणि ग्राहकाच्या डोळ्यांदेखत खाते रिकामे करतो. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना याविषयी सावध केले होते.

संगणक अद्ययावत ठेवण्याचे महत्त्व २०१७ या वर्षाने पटवून दिले. त्या वर्षी मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज प्रणालीतील एक भगदाड बुजवणारी दुरुस्ती दिली. ज्यांनी ती बसवली नाही, त्यांच्यावर १२ मे रोजी 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर प्रोग्राम कोसळला आणि सुमारे १५० देशांतील संगणकांतील माहिती कुलूपबंद झाली. जूनमध्ये 'नॉटपेट्या' या तशाच हल्ल्याची झळ मुंबईलगतच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत पोहोचली आणि तेथील एका कंटेनर टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. 'बैल गेला अन् झोपा केला' ही म्हण शेतकऱ्याच्या गोठ्यासाठी झाली असली, तरी संगणकाच्या दुरुस्तीलाही ती चपखल बसते. महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत संगणकापासून अलग ठेवलेल्या साधनावर असावी. खंडणीखोराला त्याहून चांगले उत्तर नाही.

फसवणूक झालीच तर

सर्व काळजी घेऊनही एखादा क्षण गाफील जातो. अशा वेळी सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे वेळ. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दहा खात्यांत झपाट्याने फिरते. ती एटीएममधून रोख बाहेर पडण्यापूर्वी अडवणे शक्य असते. त्यासाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तेथे खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम व वेळ सांगितली की ती माहिती संबंधित बँकांकडे जाते आणि रक्कम जेथे असेल तेथे गोठवण्याचा प्रयत्न होतो. 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या शासकीय स्थळावरही तक्रार नोंदवता येते. त्याच वेळी आपल्या बँकेला कळवून खाते व कार्ड बंद करावे, ई-मेलचा पासवर्ड दुसऱ्या सुरक्षित उपकरणावरून बदलावा आणि संदेश, पत्रे, पडद्याची छायाचित्रे यांपैकी काहीही पुसून टाकू नये. तोच पुरावा असतो.

कळवण्यातील तत्परतेला नियमांतही मोल दिले गेले आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरवले, की बँकेची वा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे अनधिकृत व्यवहार झाला आणि ग्राहकाने सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तो कळवला, तर ग्राहकावर कोणतीही जबाबदारी राहणार नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास ही जबाबदारी मर्यादित राहील. परंतु ग्राहकाने स्वतःच पासवर्ड वा ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागेल. अशा नियमांत वेळोवेळी सुधारणा होत असतात. त्यांची प्रचलित माहिती प्रत्येक शाखेत मिळू शकते. नोंदलेला भ्रमणध्वनी क्रमांक बदलल्यावर तो बँकेला कळवणे का अगत्याचे, हेही यावरून ध्यानात यावे. सूचनाच मिळाली नाही, तर तक्रार वेळेवर कशी होणार?

काउंटरवरचा पहारा

यंत्रे कितीही सुसज्ज असली, तरी शेवटचा पहारेकरी माणूसच असतो. २००५ मध्ये पुण्यात उघडकीस आलेले प्रकरण या दृष्टीने आजही अभ्यासण्याजोगे आहे. अमेरिकी बँकेच्या ग्राहकांचे फोन घेणाऱ्या केंद्रातील काही कर्मचाऱ्यांनी गोड बोलून ग्राहकांचे गुप्त क्रमांक मिळवले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातील खात्यांत वळवले. यात संगणकाचे एकही कुलूप फोडले गेले नाही. कुंपणानेच शेत खाल्ले. गोपनीय माहिती ज्याच्या कामाला आवश्यक आहे त्यालाच दिसावी आणि प्रत्येक पाहणीची नोंद राहावी, हा नियम कर्मचाऱ्यांवरील अविश्वासातून जन्मलेला नाही. प्रामाणिक कर्मचाऱ्याला संशयापासून वाचवणारी ती ढाल आहे.

खाते उघडतानाची दक्षताही तितकीच मोलाची. चोरीचा पैसा कोणत्या तरी खात्यातच उतरावा लागतो. थोड्या पैशांसाठी आपले खाते, पासबुक व कार्ड दुसऱ्याला वापरायला देणारा विद्यार्थी वा मजूर स्वतःला निरपराध समजतो. तपासाचा पहिला घाव मात्र त्याच्याच माथी बसतो. ही गोष्ट खाते उघडतानाच समजावून सांगितली गेली, तर एखादे कोवळे आयुष्य वाचू शकते.

आणि एक प्रसंग असा असतो, की जेथे कोणतेही यंत्र उपयोगी पडत नाही. एखादे ज्येष्ठ नागरिक घाबऱ्याघुबऱ्या चेहऱ्याने शाखेत येतात, मुदतीपूर्वीच ठेव मोडायला सांगतात, कारण विचारले तर उत्तर टाळतात आणि हातातला फोन कानापासून दूर करत नाहीत. पलीकडे कोणी तोतया पोलीस अधिकारी 'डिजिटल अटके'ची धमकी देत असण्याची शक्यता तेव्हा मनात यायला हवी. अशी कोणतीही अटक भारतीय कायद्यात नाही, हे २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी 'मन की बात' या कार्यक्रमातून देशाला सांगितले होते. परंतु भेदरलेल्या माणसाला त्या क्षणी हे आठवत नाही. त्याला खुर्ची द्यावी, पाणी द्यावे, 'काका, ज्यांना पैसे पाठवायचे त्यांना आपण प्रत्यक्ष ओळखता का?' असे हळुवारपणे विचारावे आणि घरच्या कोणाला तरी फोन लावून द्यावा. या पाच मिनिटांत जन्मभराची पुंजी वाचू शकते. रांगेतील इतर ग्राहकांनी ती पाच मिनिटे सोसावीत, ही त्यांनी केलेली मदतच ठरेल.

फसलेल्या माणसाला घरात आणि बाहेर ऐकावे लागते ते एकच वाक्य: 'एवढे शिकलेले असून कसे फसलात?' या प्रश्नाच्या भीतीने कित्येक जण गप्प बसतात, मुलांपासून लपवतात, तक्रारीचे मोलाचे तास दवडतात. चोराला याहून मोठा साथीदार नाही. फसवणूक ही बुद्धीची परीक्षा नसते. ज्यांचा रोजचा व्यवसायच पैशाच्या राखणीचा, अशा मध्यवर्ती बँकेतही एका पत्राने चोर शिरले. तेव्हा ज्याचे पैसे गेले त्याला दोष देण्यापूर्वी त्याच्यासाठी १९३० हा क्रमांक फिरवावा.

मराठी लग्नघरी मंगलाष्टकांच्या प्रत्येक कडव्याअखेर 'सावधान' हा शब्द उच्चारला जातो. आनंदाच्या ऐन क्षणीही भान सुटू नये, अशी त्यामागची पूर्वजांची योजना असावी. ई-मेल, संकेतस्थळे आणि घरबसल्या होणारे बँकव्यवहार यांनी जीवन खरोखरच सुखकर केले आहे. भिऊन त्यांच्याकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही. दुवा दाबण्यापूर्वी क्षणभर थांबावे, पत्ता शेवटपर्यंत वाचावा, शंका आली तर विचारावे आणि चूक झाली तर लपवू नये. एवढे भान सांभाळले, तर कुलूपही शाबूत राहील आणि तिजोरीही.